पाळणाघरात बाळाचं खाणंपिणं कोणी द्यायचं? पहिल्या दिवसाआधी ठरवायच्या गोष्टी

पाळणाघर निवडताना पालक जागा बघतात, मावशींचा स्वभाव बघतात, वेळा विचारतात. खाण्याबद्दल मात्र बहुतेक वेळा एकच प्रश्न होतो: 'जेवण तुमच्याकडे, की डबा आम्ही द्यायचा?' उत्तर मिळालं की विषय संपतो. पुढचा सगळा गोंधळ तिथूनच सुरू होतो. बाळाच्या पोटात दिवसभरात दूध जातं, वरचं अन्न जातं, मधला खाऊ, पाणी, कधी औषध, कधी दुसऱ्या मुलाच्या वाढदिवसाचा केक. यातली प्रत्येक गोष्ट वेगळ्या हातातून येऊ शकते. म्हणून 'जेवण कोण देणार' हा एक प्रश्न नाहीच. प्रत्येक पदार्थासाठी पाच प्रश्न आहेत: आणणार कोण, आल्यावर ठेवणार कोण, गरम कोण करणार, भरवणार कोण आणि उरलेलं टाकणार कोण. एकाचंही उत्तर 'बघू, होतं ते' असं आलं, तर चूक नेमकी तिथेच होते.

पायरी १ : आपल्या पाळणाघरातली पद्धत नीट समजून घ्या

ढोबळमानाने चार पद्धती दिसतात.

*सगळं घरून.* काय जातंय ते तुमच्या हातात असतं. पण अन्न सकाळी लवकर शिजतं आणि बाळाच्या तोंडी दुपारी लागतं. मधले चार-पाच तास ते कोणत्या तापमानाला असतं, हा इथला खरा प्रश्न.

*पाळणाघराच्या स्वयंपाकघरात शिजतं.* अन्न ताजं मिळतं. अडचण अशी की आठ महिन्यांच्या बाळासाठी आणि तीन वर्षांच्या मुलासाठी पातेलं एकच असतं. लहानांसाठी मीठ-साखर घालण्याआधी वेगळं काढतात का, कुस्करून देतात का, हे विचारा. स्वयंपाक करणारी व्यक्ती रजेवर असेल त्या दिवशी काय होतं, हेही विचारा. उत्तर तयार असेल तर व्यवस्था पक्की आहे असं समजा.

*बाहेरून जेवण येतं.* इथे दोन वेळा महत्त्वाच्या: अन्न शिजून तयार झालं ती आणि ताटात वाढलं ती. गरम अन्न ६० अंश सेल्सिअसच्या वर पोहोचलं पाहिजे आणि ते कोणीतरी थर्मामीटरने मोजलं पाहिजे. डब्याला हात लावून 'गरम आहे' म्हणणं पुरेसं नाही, कारण ४५ अंशांचा डबाही हाताला गरमच लागतो.

*मिश्र पद्धत.* दूध घरचं, जेवण पाळणाघराचं. किंवा जेवण घरचं आणि खाऊ त्यांचा. हीच सर्वांत जास्त आढळते आणि सर्वांत जास्त गडबड इथेच होते, कारण पालकांना वाटतं त्यांनी दिलं असेल, त्यांना वाटतं घरून खाऊन आलं असेल.

पद्धत कोणतीही असो, भेटीला जाल तेव्हा हात धुण्याची जागा बघाच. लंगोट बदलून झाल्यावर हात धुतात ते बेसिन आणि बाटल्या-वाट्या धुतात ते बेसिन वेगळं हवं. एकच असेल तर ताजं, पौष्टिक अन्न देऊनही जुलाब फिरत राहतात. फ्रीजमध्ये थर्मामीटर आहे का आणि तो ४ अंश किंवा त्याखाली आहे का, हेही उघडून दाखवायला सांगा. यात संकोच वाटण्यासारखं काही नाही.

फीमध्ये जेवण धरलेलं आहे का, आणि डबा घरून दिला तर फी कमी होते का, हे लेखी घ्या. एवढं पुरे.

पायरी २ : एका कागदावर सगळं मांडा

बाळाचं नाव, जन्मतारीख आणि खाली एकेक पदार्थ. दुधापुढे पाचही प्रश्नांची उत्तरं, मग सकाळचा खाऊ, दुपारचं जेवण, संध्याकाळचा खाऊ, पाणी, औषध आणि 'बाहेरून आलेलं'. शेवटचा रकाना लोक विसरतात. वाढदिवस, सण, एखाद्या आजीने सगळ्या मुलांसाठी आणलेली बिस्किटं, हे सगळं त्यात येतं. तिथे एकच वाक्य लिहा: 'विचारल्याशिवाय देऊ नये' किंवा 'चालेल'. कागदाची एक प्रत स्वयंपाकघरात लागते, एक बाळाच्या खोलीत. ऑफिसच्या फाइलमध्ये पडलेली प्रत भरवणाऱ्या मावशींना दिसत नाही.

पायरी ३ : दूध

सहा महिन्यांपर्यंत दूध हाच पूर्ण आहार आणि त्यानंतरही वर्षापर्यंत मुख्य आहार दूधच. म्हणून इथे वेळ घालवा.

*आईचं काढलेलं दूध.* आई जवळ नसताना एक ते सहा महिन्यांचं बाळ साधारणपणे दर तासाला ३० ते ४५ मिलि. दूध घेतं. म्हणजे येण्याजाण्यासह नऊ तास दूर राहायचं असेल, तर २७० ते ४०० मिलि. हा फक्त सुरुवातीचा अंदाज. दोन आठवड्यांत बाळ स्वतःचं माप दाखवून देतं.

हे दूध एका मोठ्या बाटलीत देऊ नका. ६० ते ९० मिलि.चे भाग करा आणि एखादा ३० मिलि.चा छोटा भाग जास्तीचा ठेवा. बाळाने तोंड लावलेलं दूध दोन तासांत संपवावं किंवा टाकावं लागतं, कारण लाळेतले जंतू बाटलीत उतरतात. १५० मिलि.च्या बाटलीतलं निम्मं टाकून द्यावं लागलं, तर ते काढायला लागलेला वेळ वाया जातो आणि आईच्या जिवाला ते लागतं.

मुदती अशा: ताजं दूध २५ अंशांपर्यंतच्या खोलीत ४ तास, फ्रीजमध्ये ४ दिवस, फ्रीजरमध्ये साधारण ६ महिने. गोठवलेलं दूध पूर्ण वितळल्यापासून फ्रीजमध्ये २४ तासांत वापरायचं आणि पुन्हा गोठवायचं नाही. फ्रीजच्या दारात ठेवू नका. दार सतत उघडतं, तिथलं तापमान वर-खाली होतं. मागच्या बाजूला ठेवायला सांगा.

गरम करायचं ते कोमट पाण्याच्या भांड्यात बाटली उभी करून. मायक्रोवेव्ह नको. त्यात दूध असमान तापतं, बाटली हाताला कोमट लागते आणि आत एखादा भाग जीभ भाजेल इतका गरम असतो. फ्रीजमधून काढलेल्या दुधावर सायीचा थर वेगळा दिसतो. ते नासलेलं नसतं, हलकेच फिरवलं की मिसळतं. हे मावशींना आधीच सांगून ठेवा, नाहीतर चांगलं दूध ओतून दिलं जातं.

प्रत्येक बाटलीवर बाळाचं पूर्ण नाव, काढल्याची तारीख आणि वेळ. नाव झाकणावर नको, बाटलीच्या अंगावर हवं, कारण धुताना झाकणं अदलाबदल होतात. एका बाळाचं दूध चुकून दुसऱ्याला दिलं गेलं, तर दोन्ही घरांना त्याच दिवशी कळवायचं आणि डॉक्टरांशी बोलायचं, हा नियम पाळणाघराकडे असला पाहिजे. आईच्या दुधातून काही संसर्ग जाऊ शकतात, त्यामुळे ही गोष्ट लपवून चालत नाही.

भरवण्याची रीतही बोलून घ्या. बाळाला साधारण बसतं धरून, बाटली आडवी ठेवून, मध्ये मध्ये थांबत पाजलं तर एक बाटली संपायला १५-२० मिनिटं लागतात. उताणं झोपवून बाटली उभी लावली की दूध आपोआप घशात उतरतं, पाच मिनिटांत संपतं, आणि बाळ 'अजून भुकेलं' वाटतं. मग पाळणाघरातून निरोप येतो की दूध पुरत नाही. पुष्कळदा कमी पडतं ते दूध नसतं, पाजण्याचा वेग जास्त असतो. उशीला टेकवून लावलेली बाटली मात्र कधीच चालणार नाही, त्यात ठसका लागून जीव गुदमरण्याचा धोका असतो.

*पावडरचं दूध.* सकाळी घरी बाटल्या बनवून पाठवणं ही सगळ्यात नेहमीची चूक. पावडर निर्जंतुक नसते. तिच्यात क्रोनोबॅक्टरसारखे जंतू असू शकतात आणि कालवलेल्या कोमट दुधात ते झपाट्याने वाढतात. म्हणून पावडर कोरडी, प्रत्येक वेळेसाठी मोजून, वेगवेगळ्या कप्प्यांत द्या. दूध तिथेच बनू द्या.

बनवताना पाणी उकळून ७० अंशांच्या खाली जाण्याआधी वापरायचं. एक लिटर पाणी उकळल्यावर ३० मिनिटांच्या आत वापरलं तर ते पुरेसं गरम असतं. आधी पाणी, मग पावडर, चमचा सपाट करून. मग बंद बाटली वाहत्या नळाखाली धरून निववायची आणि मनगटावर थेंब टाकून बघायचं. बनवल्यापासून दोन तासांत, आणि बाळाने प्यायला सुरुवात केल्यापासून एका तासात संपलं नाही तर टाकायचं. घरून थर्मासमध्ये पाणी देणार असाल, तर बाळाच्या दुसऱ्या फीडच्या वेळी ते अजून ७० अंश आहे का ते एकदा घरीच मोजून बघा. बहुतेक साध्या थर्मासमध्ये ते उतरलेलं असतं. त्यापेक्षा पाळणाघरात किटली असणं उत्तम.

पावडर-पाण्याचं प्रमाण डब्यावर लिहिलेलंच. पातळ केलं तर बाळाला पोषण कमी पडतं आणि रक्तातलं सोडियम घसरू शकतं; घट्ट केलं तर मूत्रपिंडांवर ताण येतो. प्रमाण लिहिलेल्या डब्याचा फोटो त्या कागदाला जोडून द्या.

वर्षाच्या आत गाईचं दूध मुख्य दूध म्हणून नको. वर्षानंतर घर आणि पाळणाघर मिळून दिवसाला अर्धा लिटरपेक्षा जास्त होऊ देऊ नका. दोन्हीकडे बाटल्या चालू राहिल्या की बेरीज कोणी करत नाही, बाळाचं पोट दुधानेच भरतं, जेवण मागे पडतं आणि लोह कमी होत जातं.

पायरी ४ : वरचं अन्न, किती आणि कसं

साधारण सहा महिने पूर्ण झाल्यावर वरचं अन्न सुरू होतं. सहा ते आठ महिन्यांत दिवसाला २-३ वेळा, दोन-तीन चमच्यांपासून वाढवत २५० मिलि.च्या अर्ध्या वाटीपर्यंत. नऊ ते अकरा महिन्यांत ३-४ वेळा, अर्धी वाटी. वर्ष ते दोन वर्षांत ३-४ वेळा, पाऊण ते एक वाटी, शिवाय एक-दोनदा खाऊ. यातल्या किती वेळा पाळणाघरात आणि किती घरी, हे वेळेसकट कागदावर लिहा.

नवा पदार्थ पहिल्यांदा घरीच द्या. सकाळी, सुट्टीच्या दिवशी, एका वेळी एकच. दोनदा-तीनदा निर्वेध खाल्ला की मग पाळणाघरातल्या यादीत. पाळणाघराच्या मेनूत नवीन काही येणार असेल, तर आठवडाभर आधी यादी मागून घ्या आणि तो पदार्थ घरी देऊन बघा.

पोत वयानुसार बदलला पाहिजे. आधी गुळगुळीत कुस्करलेलं, आठव्या महिन्याच्या आसपास हातात धरता येतील असे मऊ तुकडे, आणि वर्षाच्या सुमाराला घरातलंच जेवण मऊ करून. चाचणी सोपी आहे: तुकडा अंगठा आणि तर्जनीत धरून दाबला की चुरडला पाहिजे. सगळ्या मुलांना पातळ लापशी भरवणं वेगाचं असतं, म्हणून काही ठिकाणी ते लांबत जातं आणि बाळ चावायला शिकत नाही. हे ठामपणे बोलावं, पण चिडून नको. चार बाळांना भरवणारे हात दोनच असतात.

वर्षाच्या आत मध अजिबात नाही. चाटवायचा नाही, खोकल्याला नाही, शिजवलेल्या पदार्थातही नाही. त्यात बोट्युलिझम या गंभीर विषबाधेच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात आणि त्यांना तोंड द्यायची ताकद त्या वयाच्या आतड्यात नसते.

पायरी ५ : डबा

शिजवलेलं अन्न खोलीत दोन तासांपेक्षा जास्त राहू नये. हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. ५ ते ६० अंशांच्या मधे जंतू भराभर वाढतात. म्हणजे डबा गरमागरम तरी हवा किंवा गार तरी. कोमट नको.

गरम ठेवायचं तर रुंद तोंडाच्या थर्मासमध्ये आधी उकळतं पाणी भरून दहा मिनिटं झाकून ठेवा. ते ओतून लगेच वाफाळतं अन्न काठापर्यंत भरा. अर्धा भरलेला थर्मास लवकर निवतो. मग एक प्रयोग नक्की करा: सुट्टीच्या दिवशी नेहमीच्या वेळेला भरा आणि पाळणाघरातल्या जेवणाच्या वेळेला उघडून थर्मामीटर घाला. ६० च्या खाली असेल, तर तो थर्मास या कामाचा नाही. वाढताना अन्न निवून भरवण्याजोगं झालं आहे ना, हे मावशींनी चमचाभर स्वतःच्या मनगटाला लावून बघायचं.

गार न्यायचं तर उष्णतारोधक पिशवीत डब्याच्या खाली एक आणि वर एक बर्फाची थैली, आणि पोहोचल्यावर लगेच फ्रीज. सकाळच्या गर्दीत पिशव्या खुंटीला लटकत राहतात, म्हणून डबा स्वतः हातात द्या.

भाताबाबत जास्त सावध राहा. तांदळात असणारे बॅसिलस सिरियसचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत. भात कोमट राहिला की ते जागे होतात आणि विष तयार करतात, जे पुन्हा गरम करूनही जात नाही. भात पसरून तासाभरात गार करा आणि फ्रीजमध्ये ठेवा. रात्रभर ओट्यावर राहिलेला भात सकाळी परतून डब्यात देऊ नका.

परत गरम करायचं ते एकदाच, पूर्ण वाफ येईपर्यंत, ७४ अंशांना, मध्ये ढवळून. ताटात उरलेलं टाकायचं. उरलेलं बघितल्याशिवाय किती खाल्लं ते कळत नाही असं वाटत असेल, तर ताटलीचा फोटो मागा. उष्टं अन्न घरी परत नको.

पायरी ६ : घशात अडकणारे पदार्थ

घरचा डबा असेल तर कापणं तुमचं काम, पाळणाघरावर सोडू नका. द्राक्ष उभं चार भागांत. नुसतं आडवं कापलं तर चकती श्वासनलिकेला बुचासारखी बसते. कच्चं गाजर आणि सफरचंद किसून किंवा वाफवून. शेंगदाणे, बदाम, पॉपकॉर्न, कडक गोळ्या चार वर्षांपर्यंत नकोच. दाण्यांची भुकटी किंवा पातळ लेप चालतो, चमचाभर घट्ट गोळा नाही.

बाळ बसूनच खाईल, रांगत-पळत नाही, पाळण्यात नाही, आणि समोर एक मोठं माणूस असेल. जेवणाच्या वेळीच मावशीही आळीपाळीने जेवायला जातात. म्हणून 'प्रथमोपचार शिकलेलं कोणी आहे का' एवढं विचारून थांबू नका. 'मुलं जेवत असताना ती व्यक्ती खोलीत असते का' असं विचारा. खोकणाऱ्या, आवाज करणाऱ्या बाळाला खोकू द्यायचं. आवाज बंद झाला, रंग बदलला की वेळ घालवायचा नाही: वर्षाखालच्या बाळाला पालथं धरून पाठीवर पाच थापा, मग उताणं करून छातीच्या मध्यावर पाच दाब, आणि दुसऱ्याने मदतीला फोन. हे वाचून येत नाही, बाहुलीवर हाताने शिकावं लागतं. पालकांनीही शिकावं.

पायरी ७ : ॲलर्जी असेल तर

दूध, अंडं, शेंगदाणे, इतर कवचफळं, मासे, कोळंबी-खेकडे, सोया, गहू, तीळ यांची ॲलर्जी जास्त आढळते. अशा बाळाचा फोटो, टाळायचे पदार्थ, पहिली लक्षणं आणि करायची कृती असा एक वेगळा कागद डॉक्टरांच्या सहीने द्या. अंगावर गांधी, ओठ-डोळ्यांना सूज, एकाएकी उलटी, घरघर, बाळ मलूल पडणं, ही लक्षणं तिथल्या सगळ्यांना तोंडपाठ हवीत. तीव्र ॲलर्जीत वापरायचं ॲड्रेनलिनचं इंजेक्शन डॉक्टरांनी जवळ ठेवायला दिलं असेल, तर ते मुलांच्या हाताला लागणार नाही इतक्या उंचावर, पण कुलपाबाहेर ठेवायचं. किल्ली शोधण्यात मिनिटं जातात. त्याची मुदत संपण्याची तारीख तुमच्याही फोनमध्ये टाकून ठेवा.

धोका ताटापेक्षा चमच्यात आणि टेबलावर जास्त असतो. तोच चमचा दुसऱ्या वाटीत जातो, शेजारचं मूल आपला घास प्रेमाने पुढे करतं. टेबल आणि हात साबण-पाण्याने धुवायचे. सॅनिटायझर जंतू मारतो, पण अन्नाचा अंश पुसून टाकत नाही.

पायरी ८ : रोजची वही

'छान जेवला' याचा काहीच उपयोग नाही. 'साडेबारा, अर्ध्या वाटीपैकी सहा चमचे, केळं पूर्ण, पाणी थोडं, सव्वातीनला ९० मिलि. दूध' अशी नोंद हवी. ओल्या लंगोटांची संख्याही तिथेच. दूध कमी गेलं आणि लंगोटही कमी ओले झाले, तर संध्याकाळी काय करायचं ते तुम्हाला लगेच कळतं. सकाळी घरचं शेवटचं खाणं किती वाजता झालं, ते वहीत तुम्ही लिहायचं. ही नोंद दोन्ही बाजूंनी असते.

किती खायचं ते बाळ ठरवणार, काय आणि कधी द्यायचं ते मोठी माणसं, हे मावशींशी एकदा शांतपणे बोला. दर दोन-तीन तासांनी खायला मिळत असेल, तर एखादं जेवण टाळलेलं मूल पुढच्या वेळी भरून काढतं. तोंड फिरवल्यावर घास कोंबायचा नाही. 'जेवलास तरच खाऊ' असंही नको. नवा पदार्थ आवडायला आठ-दहा वेळा, कधी पंधरा वेळा समोर यावा लागतो. दोनदा नाकारला म्हणून यादीतून काढू नका. पहिल्या आठवड्यात बहुतेक मुलं कमी खातात. वजन वाढत असेल, लंगोट ओले होत असतील, तर थांबा.

कागद केव्हा बदलायचा

दर महिन्याला एकदा, आणि त्याशिवाय बाळाचा वर्ग बदलतो तेव्हा. साधारण वर्षाच्या सुमाराला लहान बाळांच्या खोलीतून मोठ्यांच्या खोलीत पाठवतात. मावशी बदलतात, बाटलीऐवजी पेला येतो, जेवण एकत्र टेबलावर होतं, आणि जुन्या खोलीतल्या सूचना जुन्याच भिंतीवर राहतात. त्या दिवशी नवा कागद लिहा, नव्या मावशींसोबत तो वाचून काढा आणि जुना स्वतः काढून घ्या.